घरसंसार : जुन्या फरशीवर नवी टाइल

भगिनींनो, घरातली शहाबादी न उखडता वरूनच टाइल बसवता येते का, अशी विचारणा पुष्कळ घरांतून होते. येते. उखडण्याची मजुरी आणि मलबा वाहण्याचा खर्च वाचतो. परंतु खालची फरशी हलत असेल तर वरची टाइल टिकत नाही, आणि आपल्या बीड जिल्ह्यात फरशी हलण्याचे एक मोठे कारण घराखालच्या मातीत असते.

जुने गाव पांढरीवर वसलेले. नवे प्लॉट, नवी घरकुले मात्र पुष्कळदा काळ्या रानात पडतात. गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. पाया भरताना मुरूम नीट ठोकला नसेल तर फरशीही तिच्याबरोबर वरखाली होते. शहाबादीचा सांधा उघडतो, टाइल मात्र तडकते. ऊसतोडीहून परतल्यावर उचल फिटून जे चार पैसे उरतात, त्यांतून हे काम निघते; म्हणून घाई नको. फरशीतल्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करा, तारीख लिहा, एक पावसाळा जाऊ द्या. तडा खुणेपुढे गेला, तर तेवढा भाग उखडून मुरूम भरून ठोकणे आले.

फरशी पक्की वाटली तरी थापीच्या मुठीने प्रत्येक दगड ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तो दगड काढून पुन्हा बसवा. मग सोड्याने तेलकटपणा धुवून, छिन्नीने टाचे मारून घ्या. गुळगुळीत दगडाला मसाला धरत नाही. साधा सिमेंट-माल जाड लागतो, म्हणून टाइल चिकटवायचा तयार मसालाच आणावा. तरीही फरशी अर्धा इंच वर येते. दार खालून तासावे लागेल. मोरीकडचा उतार आधी पाण्याने तपासा, नाहीतर पाणी घरात वळेल. भिंतीकडेने थोडी फट ठेवायला मिस्त्रीला सांगा. ती पट्टीखाली झाकते. भिंतीची टाइल स्वस्त मिळाली तरी खाली लावू नये.

जुन्या वाड्यातल्या लाकडी माडीवर मात्र थेट टाइल नकोच. लाकूड पावसाळ्यात फुगते, टाइल फुगत नाही. परदेशांत लाकडी फरशीवर आधी सिमेंटचे बोर्ड स्क्रूने आवळतात, मग टाइल लावतात. शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत टाइल नि मसाला मिळून अडीच-तीन क्विंटल वजन चढते. तुळईला वाळवी असेल तर तो धोका कोण घेणार?

याच खोलीला १२० चौरस फूट टाइल लागते, १३२ घ्या. उरलेल्या पेटीसकट जपून ठेवा, त्याच रंगाची पुन्हा मिळत नाही.