घरचा केर

दक्षिण आफ्रिकेतील नव्या पुस्तकांविषयी दिवाळी अंकात लिहायचे म्हटले, की काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘ऐन सणात त्या काळ्यागोऱ्यांची रडगाणी कशाला?’ माझे भांडण आहे ते या सवालाशी! ही रडगाणी नव्हेत. दिवाळीपूर्वी आपण घरातील जळमटे काढतो ना? तेच काम हे लेखक करीत आहेत. आणि तेही दारे सताड उघडी टाकून.

डेमन गॅलगट यांची ‘द प्रॉमिस’ ही कादंबरी घ्या. २०२१ साली तिला बुकर पारितोषिक मिळाले. प्रिटोरियाजवळच्या एका गोऱ्या कुटुंबातील आई मरताना नवऱ्याकडून वचन घेते: सॅलोमे या काळ्या मोलकरणीला, ती राहते ते घर द्यायचे. धाकटी मुलगी हे ऐकते. पुढे तीसएक वर्षे जातात. घरातून चार प्रेते उठतात, १९९४ साली मंडेला अध्यक्ष होतात. पण घर काही सॅलोमेच्या नावावर होता होत नाही. आधी कायदा आडवा येतो. कायदा गेल्यावर घरची माणसे आडवी येतात! लेखक स्वतः गोरा आहे आणि केर काढतो आहे तो गोऱ्यांच्याच घरातला.

नुसत्या कथा-कादंबऱ्यांतच हे चालले आहे असे नाही. जाक पाऊ या पत्रकाराने २०१७ साली ‘द प्रेसिडेंट्स कीपर्स’ या पुस्तकात तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्या भोवतालचा भ्रष्टाचार मांडला. पुस्तक मागे घ्या, अशी नोटीस सरकारी गुप्तहेर खात्याने धाडली. पुस्तक हातोहात खपले.

आणि आता आपल्या वर्मावर बोट! अश्विन देसाई व गुलाम वाहेद हे तिथलेच भारतीय वंशाचे अभ्यासक. ‘द साउथ आफ्रिकन गांधी’ या २०१५ सालच्या पुस्तकात ते म्हणतात, की आफ्रिकेतील गांधीजी हिंदी लोकांसाठी लढले, पण काळ्यांच्या लढ्यापासून त्यांनी अंतर राखले. मला त्यांचा सगळाच निवाडा पटत नाही. १९१३ साली नाताळच्या खाणींतले नि मळ्यांतले गिरमिटिये मजूर ज्यांच्या हाकेसरशी संपावर गेले, त्यांना त्या तराजूत थोडे हलके तोलले गेले आहे. पण न वाचताच संतापणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आफ्रिकेतील त्या लढ्याचा इतिहास खुद्द गांधीजींनी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात लिहावयास घेतला होता. सत्याचे प्रयोग करणाऱ्याला तपासणीचे भय नसते. भय असते ते त्याच्या तसबिरीला हार घालून मोकळे होणाऱ्यांना!

‘यात आमचा काय संबंध?’ असे अजूनही कुणी विचारील. वाचकहो, वीस वर्षे आपली भांडी घासणाऱ्या बाईंना यंदाही आपण चिवड्याचा पुडा नि एक जुनी साडी देऊ. त्यांचे आडनाव घरातल्या किती जणांना ठाऊक आहे? ‘पुढे बघू’ म्हणून त्यांना दिलेली किती वचने हवेत विरली? सॅलोमे प्रिटोरियालाच राहते असे थोडेच आहे?

म्हणून म्हणतो, गावोगावच्या ग्रंथालयांनी ही पुस्तके मागवावीत, भाषांतरकारांनी ती हाती घ्यावीत, आणि तुम्हीआम्ही ती वाचावीत. त्या देशाची कीव करण्यासाठी मात्र नव्हे. शेजारच्या घरी केरसुणी फिरताना पाहून आपला कोपरा आठवावा, एवढ्यासाठी.