प्रकाश दमला, म्हणे!

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायचा, ही वादाची जुनी रीत. तीच पाळतो.

ऑस्ट्रेलियातले बॅरी सेटरफील्ड १९८१ पासून सांगत आले की प्रकाशाचा वेग कमी होत आला आहे. १९८७ मध्ये ट्रेव्हर नॉर्मन यांच्यासह त्यांनी हा दावा सविस्तर मांडला. तीन शतकांतली मोजमापं कालक्रमानं लावा, आकडा उतरताना दिसेल. हा उतार मागे वाढवत नेला की सहाएक हजार वर्षांपूर्वी प्रकाश अफाट वेगानं धावत होता, असं निघतं. मग बायबलच्या शब्दशः वाचनातून येणारं जगाचं वय आणि लाखो प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्यांचं दिसणं यांचा मेळ बसतो. किरणोत्सारही तेव्हा जोरात होता, म्हणून खडकांची वयं फुगलेली दिसतात, हेही ओघानं आलंच. दावा श्रद्धेवर नाही, आकड्यांवर उभा आहे, असं त्यांचे पाठीराखे ठासून सांगतात. ठीक आहे, आकडेच पाहू.

पहिला आकडा ओले रोमरचा. १६७६ मध्ये गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं उशिरा-लवकर होतात हे पाहून त्यानं अंदाज केला की पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात सुमारे पावणेसतरा लागतात. म्हणजे रोमरच्या हिशेबानं प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपासच राहतो. उताराची सुरुवातच खड्ड्यात! पुढे १८४९ मध्ये फिझोनं दातेरी चाक फिरवून सुमारे ३,१३,००० काढले आणि १८६२ मध्ये फूकोनं फिरत्या आरशानं २,९८,०००. एक आकडा आजच्यापेक्षा बराच वर, दुसरा खाली. मोजण्याची हत्यारं सुधारली तशी ही हेलकावण्याची रुंदी कमी होत गेली. फिझोसारखे वरचे आकडे तेवढे मोठे करून दाखवले आणि रोमर-फूकोकडे काणाडोळा केला, की उतार तयार.

पण खरी गंमत विसाव्या शतकात आहे. १९२६ मध्ये मायकेलसननं कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवरून सुमारे ३५ किलोमीटर दूरच्या दुसऱ्या डोंगरावर प्रकाश धाडून २,९९,७९६ हा आकडा मिळवला, चार किलोमीटर इकडेतिकडे. मग त्याला हवेचा अडथळाही नको झाला. सांता अ‍ॅनाजवळ गाळाच्या जमिनीवर मैलभर लांबीची नळी टाकून तिच्यातली हवा उपसली गेली. काम पुरं होण्याआधी, १९३१ मध्ये मायकेलसन गेला. पीस आणि पिअरसन या सहकाऱ्यांनी ते तडीस नेलं. आकडा आला २,९९,७७४. त्या दशकात वेगळ्याच पद्धतीनं, विद्युत झडपांनी, मोजणाऱ्यांनाही तिथलेच आकडे मिळाले. १९४१ मध्ये बर्जनं सगळ्यांचा मेळ घालून २,९९,७७६ हा आकडा पक्का केला आणि चूक फार तर चार किलोमीटरची असेल अशी ग्वाही दिली. प्रकाश मंदावतोय हे गेरी द ब्रे यांनी सेटरफील्डच्या अर्धशतक आधीच सुचवलं होतं. त्यांना याहून चांगला पुरावा कुठला मिळणार होता?

महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लुई एसेननं आरसे आणि दातेरी चाकं बाजूला सारली. धातूच्या पोकळ नळकांड्यात सूक्ष्मलहरी कोंडून त्यांची वारंवारता मोजली. नळकांड्याच्या मापांवरून तरंगलांबी कळत होतीच. १९५० मध्ये त्याचा आकडा होता २,९९,७९२.५. बर्जच्या ग्वाहीपेक्षा चौपट फरक, तोही वरच्या बाजूला! एसेनकडे आधी संशयानंच पाहिलं गेलं. पण प्रकाशीय पद्धतीनं बर्गस्ट्रांडला आणि पुढे सूक्ष्मलहरींनी फ्रूमला तोच आकडा मिळाला. १९७२ मध्ये लेसरनं मोजलं तेव्हाही आकडा तिथंच, आणि चूक सेकंदाला मीटरभर.

तेव्हा मोजमापांवरच भरवसा ठेवायचा तर १९४१ नंतर प्रकाश सेकंदाला सोळा किलोमीटरनं जलद झाला असं म्हणावं लागेल. तसं कुणी म्हणत नाही, कारण खरं कारण सगळ्यांना कळतं. यंत्रातल्या पद्धतशीर चुका कमी धरल्या गेल्या होत्या, आणि आधीच्या थोरांशी आकडा जुळला की पुढचे लोक चुका शोधणं थांबवतात. हा शास्त्रज्ञांचा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. प्रकाशाच्या माथी मात्र तो मारू नये.

यावर सेटरफील्ड पक्षाकडे उत्तर आहे. घट १९६०च्या सुमारास थांबली, आणि अणुघड्याळं प्रकाशाबरोबरच मंदावतात म्हणून त्यांना ती दिसणारच नाही. वस्तुमान बदललं, प्लँकचा स्थिरांक बदलला, सगळं एकमेकांना सांभाळून बदललं. नेमकं मोजायची सोय झाली तेव्हाच घट थांबावी हा योगायोग सोडून देऊ. या मांडणीत एक गोष्ट मात्र अणूंच्या तालावर चालत नाही, ती म्हणजे गुरुत्वाकर्षणानं फिरणारे तारे.

देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्यात एकमेकांना ग्रहण लावणारा एक जोडतारा आहे. त्यातला एक तारा सूर्याच्या तेवीसपट आणि दुसरा पंधरापट वस्तुमानाचा. दोघं साधारण साडेतीन दिवसांत एक फेरी पुरी करतात. २००५ मध्ये यांच्याच आधारे देवयानीचं अंतर थेट काढलं गेलं. आता तिथला प्रकाश सहा हजार वर्षांत इथं पोहोचला असेल, तर त्याचा सरासरी वेग आजच्या चारशेपटींहून अधिक हवा आणि निघतानाचा वेग त्याहून जास्त. लागोपाठच्या दोन ग्रहणांच्या वेळचे किरण निघताना ज्या अंतरानं निघाले त्याच अंतरानं वाटभर राहतात, पण इथं पोहोचतात ते मंद होऊन. त्यामुळे दोन ग्रहणांमधला काळ आपल्याला निदान चारशेपट ताणलेला दिसेल. दिसतात साडेतीन दिवस, म्हणजे ते तारे तिथं बारा-तेरा मिनिटांत फेरी मारत असले पाहिजेत. सूर्याच्या दसपटीहून रुंद असलेले हे दोन गोळे तेवढ्या वेळात फेरी पुरी करायची तर एकमेकांच्या पोटात शिरूनच फिरावे लागतील.

इतकं खंडन पुरे. आता आपल्या बाजूच्या एका आळशी उत्तराचाही समाचार घ्यायला हवा. १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच प्रकाशवेगावरून केली गेली, वेग २,९९,७९२.४५८ किलोमीटर ठरला, त्यामुळे तो बदलणं शक्यच नाही, असं अनेक विज्ञानलेखक ठोकून देतात. हे उत्तर नव्हे, ही पळवाट आहे. व्याख्येनं निसर्ग बांधला जात नाही. प्रश्न रास्त आहे, तो एककांच्या कचाट्यातून सोडवून विचारला पाहिजे. त्यासाठी सूक्ष्मरचना स्थिरांक आहे. विद्युतभार, प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशवेग यांच्यातून तयार होणारी ही संख्या सुमारे १/१३७ आहे आणि तिला मीटर-सेकंद लागत नाहीत. ती बदलली असेल तर अणूंच्या वर्णरेषा एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या सापडतील.

असा बदल झाला का, हे शोधून पाहिलं गेलं आहे, आणि हा शोध फार देखणा आहे. आफ्रिकेत गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीत जवळजवळ दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमची निसर्गनिर्मित अणुभट्टी पेटली होती. १९७२ मध्ये तिचा पत्ता लागला. तिथं उरलेल्या समेरियमच्या प्रमाणावरून श्ल्याख्तर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की तो स्थिरांक तेव्हाही आजच्यासारखाच होता. नंतरच्या बारकाईच्या हिशेबानुसार फरक कोटीत एक-दोन भागांहून जास्त नाही. त्याला छेद देणारा दावा जॉन वेब यांच्या गटानं हवाईतल्या केक दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून केला: दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशात ही संख्या लाखात अर्ध्या-पाऊण भागानं कमी दिसते. या दाव्याला पुण्यातून आव्हान मिळालं. आयुकातले रघुनाथन श्रीआनंद आणि हम चंद यांनी पॅरिसच्या पात्रिक पतिजाँ आदींबरोबर चिलीतल्या महादुर्बिणीची निरीक्षणं तपासून २००४ मध्ये सांगितलं की बदल दिसत नाही. वेब यांच्या सहकाऱ्यांनी पुणेकरांच्या गणितावर आक्षेप घेतले आणि त्यांना उत्तरंही मिळाली. या भांडणात मला दोन्ही बाजूंचा आदर वाटतो, कारण आकडे, चुकांची मर्यादा आणि पद्धत सगळं उघड्यावर होतं. २०२२ मध्ये चिलीतल्याच एस्प्रेसो या नव्या वर्णपटमापकानं एक तेजस्वी क्वेसार न्याहाळला. दहा लाखांत एखाद्या भागाच्या चुकीपलीकडे तिथंही बदल सापडला नाही.

वेब यांचा दावा उद्या खरा ठरला तरी तो लाखात एका भागाच्याही आतला आहे. सेटरफील्डना शेकडोपट हवं. तसंच १९९९ मध्ये आल्ब्रेख्त आणि माग्वेजो यांनी विश्वाच्या अगदी आरंभी प्रकाश जास्त वेगवान असल्याची कल्पना मांडली, तिचा हवाला इथं देऊन उपयोग नाही. ती कल्पना आजच्या विश्वाचं वय अब्जावधी वर्षं मानूनच सुरू होते. तेव्हा ज्यांना प्रकाश दमवायचाच आहे त्यांनी माग्वेजोंना साक्षीला न बोलावता देवयानीतल्या त्या जोडताऱ्याचे साडेतीन दिवस आधी समजावून सांगावेत.