स्नेहसंमेलनात एकट्याला न पेलणारी बाहुली हवी



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. सिनेमाची गाणी निवडली जातात, भाड्याचे कपडे ठरतात. वर्गात ४५ मुलं असतील तर १२ जण नाचतात, दोघं सूत्रसंचालन करतात. आणि बाकीची? बाकीची सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. तुमच्या शाळेत याहून वेगळं होतं का? खरं सांगा.

माझं मत सरळ आहे. नाच जरूर ठेवा, पण त्याबरोबर मुलांचं एक संगीत नाटक बसवा. आणि त्या नाटकात असा एक अवाढव्य प्राणी ठेवा, जो एकट्याला उचलताच येणार नाही.

आपल्या बालनाट्यांत राक्षस, चेटकिणी भरपूर आहेत. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगले यांनी गाजवली. आमच्या वरळीच्या एनएससीआय डोममध्ये २०१५ साली डिस्नीचं 'ब्यूटी अँड द बीस्ट' हे संगीत नाटक भारतीय कलाकारांनी केलं. या दोन्हींत अक्राळविक्राळ पात्र म्हणजे शेवटी एकच नट. शाळेत असं पात्र ठेवलं की तेही वर्गातल्या सगळ्यात धीट मुलाला मिळतं. मागचा बाक मागेच राहतो.

किंग काँगने काय शिकवलं?

आता दुसरं उदाहरण बघा. 'किंग काँग' हे संगीत नाटक २०१३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आलं आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. त्यातला गोरिला म्हणजे सुमारे २० फूट उंचीची बाहुली! चेहऱ्यावरचे भाव यंत्राने, दुरून हलवले जात. पण हातपाय हलवायला ब्रॉडवेवर रंगमंचावर १० माणसं असत. काळ्या कपड्यांतली ही माणसं दोऱ्या ओढत, त्याच्या अंगावर चढत, खाली उडी घेऊन आपल्या वजनाने त्याचा हात वर उचलत. प्रेक्षकांना ती स्पष्ट दिसत, तरी थोड्या वेळाने सगळ्यांचं लक्ष फक्त काँगकडे असे.

पण एक गोष्ट लपवायला नको. ते नाटक ब्रॉडवेवर वर्षभरही चाललं नाही, ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडलं. समीक्षकांनी काँगचं कौतुक केलं आणि कथेला, गाण्यांना नावं ठेवली. त्याच वर्षी काँग घडवणाऱ्यांना मात्र विशेष टोनी पुरस्कार मिळाला. म्हणजे बाहुली कितीही मोठी असो, गोष्ट पोकळ असेल तर नाटक तरत नाही. हा धडा आपण आधीच घेऊन ठेवू.

आमचा देवमासा

दोन वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गाला विचारलं, "आपण कोणता प्राणी करायचा?" वर्गात कोळीवाड्यातली बरीच मुलं. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, देवमासा!" गोष्टही मुलांनीच रचली. किनाऱ्यावर देवमासा येऊन अडकतो. कोणी म्हणतं फोटो काढू, कोणी म्हणतं विकू, आणि शेवटी सगळं गाव मिळून त्याला पाण्यात ढकलतं.

मंडपवाल्याकडून उरलेले बांबू आणले. त्यांच्या कामट्या वाकवून सांगाडा केला. वर कोळीवाड्यातून आलेलं जुनं जाळं आणि त्यावर निळ्या-करड्या साड्या. जाळं कसं ताणायचं, गाठ कुठे मारायची, हे मला काहीच येत नव्हतं. ते मुलांनी शिकवलं. १५ फुटांचा मासा तयार झाला आणि तेव्हा लक्षात आलं, की तो हॉलच्या दारातून आत जातच नाही! मग त्याचे तीन तुकडे केले आणि आत नेऊन बांधले. मोजमाप आधी करायचं असतं, हे गणित त्या दिवशी मीही शिकलो.

तो उचलायला ११ मुलं लागायची. त्यांत एक मुलगा होता, बोलताना अडखळणारा. आजवर प्रत्येक संमेलनात त्याच्याकडे पडदा ओढायचं काम असे. यावेळी त्याच्याकडे माशाची पाठ दिली. काम एकच, श्वास. पाठ हळू वर, हळू खाली. लंडनच्या 'वॉर हॉर्स' नाटकातले घोडेही तीन-तीन माणसं चालवतात आणि त्यांचा जिवंतपणा येतो तो श्वासातून, हे मी वाचलं होतं. देवमासा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, जमिनीवर त्याच्याच वजनाने त्याची फुप्फुसं दाबली जातात, हे आम्ही विज्ञानाच्या तासाला पाहिलं. त्या मुलाने ते मनावर घेतलं. घरी आरशासमोर स्वतःची छाती बघून तो सराव करायचा, असं त्याच्या आईने नंतर सांगितलं.

प्रयोगात मासा वाळूवर पडला. गाणं थांबलं. पाठ वर आली, खाली गेली आणि बराच वेळ हललीच नाही. हॉलमध्ये चिडीचूप. मग ती किंचित वर आली, तसा पुढे बसलेला पहिलीतला एक पोरगा ओरडला, "जिवंत आहे अजून!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या मुलाला एकही संवाद नव्हता, पण हॉल त्याच्या हातात होता.

"पण सर, हे जमणार कसं?"

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? आम्हाला दीड महिना लागला, रोजचा शेवटचा तास. त्यात मोजमाप झालं, विज्ञान झालं, संवादलेखनही झालं. पैसे? निम्म्याहून जास्त सामान टाकाऊ होतं. आणि कौशल्य? अहो, ज्या लालबागच्या गणेश गल्लीत १९७७ साली २२ फुटी गणेशमूर्ती उभी राहिली, तो भाग आपल्या शाळेपासून किती लांब आहे? मूर्तिकार, मंडपवाले, जाळी विणणारे आपल्याच मुलांचे काका-मामा आहेत. त्यांना एकदा शाळेत बोलवा तर खरं.

"मुलाचा चेहराच दिसला नाही," अशी तक्रार एका पालकांनी केली. त्यात तथ्य आहे. म्हणून शेवटी सगळ्या ११ मुलांना माशाखालून बाहेर बोलावून, नावं घेऊन, पुढे उभं करा. आम्ही ते विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

एकट्याने चमकायला शिकवणाऱ्या स्पर्धा वर्षभर असतातच. दहा जणांबरोबर एकाच वेळी पाऊल टाकायला कधी शिकवणार? एकाने घाई केली की मासा वाकडा होतो, हे मुलांना मी सांगावं लागलं नाही, खांद्यावरच्या बांबूने सांगितलं.

यंदा तुमच्या शाळेत कोणता प्राणी येणार? आणि त्याचा श्वास कोणाकडे देणार? आपल्या वर्गाच्या मागच्या बाकाकडे एकदा बघा, नाव तिथेच सापडेल.