तारापूरचे इंधन आणि संसदेचा अधिकार

१९८० च्या सप्टेंबर महिन्यात बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्राचे भवितव्य ठरत होते. पण ते दिल्लीत नव्हे, वॉशिंग्टनमध्ये! केंद्रासाठी ठरलेले सुमारे ३८ टन समृद्ध युरेनियम भारताला द्यावे की नाही, यावर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मतदान झाले आणि २९८ विरुद्ध ९८ मतांनी ते न देण्याचा कौल मिळाला. आठवडाभरातच सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी उलट कौल दिला आणि इंधन सुटले. महाराष्ट्र व गुजरातला वीज देणाऱ्या केंद्राची चूल पेटती राहिली ती परक्या देशाच्या सभागृहातील दोन मतांच्या आधारावर.

या परावलंबनाचे मूळ ८ ऑगस्ट १९६३ च्या भारत-अमेरिका करारात आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या, त्यांच्या उभारणीसाठी अमेरिकी साहाय्यातून मिळालेले अल्पव्याजी कर्ज आणि तीस वर्षे अमेरिकेकडूनच इंधन, असा तो व्यवहार होता. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर तीही दोन्ही देशांच्या संयुक्त निर्णयानेच. १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नवा कायदा करून आधीच्या करारावरही नव्या अटी लादल्या. भारताने करारपालनाचा आग्रह धरला. पण अखेर १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सचा दरवाजा ठोठवावा लागला. वापरलेले इंधन मात्र दशकानुदशके तारापूरच्या आवारातच साठत राहिले.

या सर्व काळात भारतीय संसदेत प्रश्न विचारले गेले, संताप व्यक्त झाला, मंत्र्यांनी निवेदने केली. परंतु १९६३ च्या कराराला संसदेची संमती घेण्याचे बंधन सरकारवर नव्हते, आणि आजही कोणत्याही सामान्य आंतरराष्ट्रीय कराराबाबत ते नाही. वस्तुतः राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत, १४ व्या नोंदीत, परराष्ट्रांशी करार करणे आणि ते अमलात आणणे हा विषय स्पष्टपणे दिलेला आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला पहिल्या दिवसापासून आहे. करार करण्याच्या प्रक्रियेचे नियमन करण्यासाठी तो तिने कधी वापरलाच नाही. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनरावलोकन आयोगाने २००२ मध्ये असा कायदा करण्याची शिफारस केली. त्या वेळी अटलजींचे सरकार होते. नंतर दहा वर्षे काँग्रेसप्रणीत सरकार आले. २०१४ पासून पुन्हा भाजपप्रणीत. शिफारस कागदावरच आहे. या बाबतीत राजकीय पक्षांचे असे एकमत क्वचितच पाहायला मिळते!

२००८ च्या अणुकराराच्या वेळी हेच चित्र अधिक ठसठशीत झाले. अमेरिकी काँग्रेसने आधी २००६ चा हाइड कायदा केला, सुनावण्या घेतल्या आणि अखेर प्रतिनिधिगृहाने करार २९८ विरुद्ध ११७ मतांनी स्वीकारला. (१९८० मध्ये तारापूरला नकार देणारी मतेही नेमकी २९८ च होती.) आपल्याकडे २२ जुलै २००८ रोजी २७५ विरुद्ध २५६ असे जे मतदान झाले, ते सरकारवरील विश्वासाचे होते, कराराच्या कलमांचे नव्हे. त्या दिवशी सभागृहात नोटांची पुडकी दिसली. कराराचे एकही कलम मतास टाकले गेले नाही.

जिथे संसदेपुढे जाणे अटळ असते, तिथे काय घडते? बांगलादेशाशी १९७४ मध्ये झालेल्या सीमा करारासाठी घटनादुरुस्ती आवश्यक होती. विधेयक परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीकडे गेले, तिने ते तपासले आणि मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केले. अणुदुर्घटना दायित्वाच्या २०१० च्या कायद्यात परदेशी पुरवठादारांना जबाबदार धरण्याची तरतूद कठोर झाली तीही संसदेच्या रेट्यामुळेच. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या शांती कायद्याने घेतली. हे विधेयक स्थायी समितीकडे न जाता एकाच आठवड्यात मांडले गेले आणि संमतही झाले. तारापूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांसाठी एवढी घाई समाधानकारक म्हणता येणार नाही.

पालघर जिल्ह्यात विसंगतीचे आणखी एक उदाहरण आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी प्रकल्पखर्चाच्या ८१ टक्के कर्ज जपानकडून, ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने ठरले. व्याजदर आकर्षक खराच. पण येनमधील पन्नास वर्षांच्या परतफेडीची जोखीम आणि तंत्रज्ञान खरेदीच्या अटी यांवर संसदेचे मत घेण्याची गरज पडली नाही. जमिनीसाठी मात्र पालघरच्या आदिवासी गावांतील ग्रामसभांपुढे जावे लागले आणि अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठरावही केले. ग्रामसभेला जे विचारावे लागते, ते लोकसभेला विचारावे लागत नाही!

आता भारत स्वतः साहाय्य देणारा देश झाला आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या सुमारे २०,५०० कोटींपैकी २,१५० कोटी रुपये एकट्या भूतानसाठी होते. २०२२ च्या संकटात श्रीलंकेला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत झाली. शेजारधर्म म्हणून ते योग्यच होते. मात्र एक्झिम बँकेमार्फत इतर देशांना दिली जाणारी कर्जे मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांत पूर्णपणे दिसत नाहीत, आणि स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

परराष्ट्र धोरणाला गोपनीयता लागते, हा आक्षेप नेहमीचा. पण स्थायी समितीच्या बैठका बंद दाराआडच होतात. शिवाय अमेरिकी मुत्सद्दी वाटाघाटीत ‘हे आमची काँग्रेस मान्य करणार नाही’ असे सांगून अटी वाढवून घेतो. भारतीय मुत्सद्द्याच्या हाती तशी ढाल नाही. ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून करार संमतीपूर्वी २१ कामकाजी दिवस संसदेच्या पटलावर ठेवणे बंधनकारक केले. तशीच तरतूद येथे करावी, मोठ्या परकीय कर्जांच्या आणि भारताने दिलेल्या कर्जांच्या अटीही त्यात आणाव्यात आणि स्थायी समितीचा अहवाल आल्याखेरीज अंतिम संमती देऊ नये. घटनादुरुस्तीचीही आवश्यकता नाही. १४ वी नोंद त्यासाठी पुरेशी आहे.