कंपनीचा विमा असताना घरचा कशाला?



बल्लारपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "यजमान कारखान्यात नोकरीला आहेत. कंपनीने आम्हा चौघांचा मिळून ३ लाखांचा मेडिक्लेम काढला आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, स्वतःचाही एक विमा घ्या. आमचे हे म्हणतात, आजारपण एक तर विमे दोन कशाला? पैसे काही दुप्पट मिळायचे नाहीत. आता कोणाचे ऐकू?"

ताई, खरे सांगू? दोघांचेही बरोबर आहे. दवाखान्याच्या एकाच बिलाचे पैसे दोन ठिकाणांहून दोनदा मिळत नाहीत. पण दुसरा विमा त्यासाठी घ्यायचाच नसतो. तो घ्यायचा असतो दोन कारणांसाठी. एक, पहिला अपुरा पडला तर. आणि दुसरे, पहिला एके दिवशी बंद पडेल म्हणून. पहिले कारण सगळ्यांना सुचते, दुसरे फार थोड्यांना.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ एप्रिलअखेर निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले, घरी पुरणपोळी झाली. जुलैत त्यांच्या छातीत दुखू लागले. रातोरात नागपूरला न्यावे लागले. तिथे खिडकीवर कार्ड दाखवले तेव्हा कळले, की नोकरी संपली त्याच दिवशी विमाही संपला होता. "कार्ड तर पाकिटातच होतं हो!" असे त्यांच्या पत्नी अजून सांगतात. बांगड्या मोडल्या, फंडाच्या पैशांना हात लागला. त्यानंतर विमा घ्यायला गेले, तर हृदयविकार हा 'आधीपासूनचा आजार' ठरला आणि त्यासाठी तीन वर्षे थांबा, असे सांगण्यात आले.

या तीन वर्षांतच सगळी मेख आहे. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचे पैसे मिळत नाहीत. आणि रक्तदाब, मधुमेह असे जे आधीपासून असेल त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. २०२४ पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत होती. मग हे थांबणे कधी उरकून घ्यावे? कंपनीचा विमा चालू आहे तेव्हाच! निवृत्तीला चार-पाच वर्षे असताना घरची पॉलिसी घेतली, तर निरोपसमारंभाच्या दिवशी ती पूर्ण कामाची झालेली असते. अर्ज भरताना साखर, रक्तदाब लपवू मात्र नका. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण लपवलेले उघड झाले तर ऐन गरजेला दावा नामंजूर होतो.

आता तुम्ही विचाराल, दोन्ही असले तर वापरायचे कसे? समजा बिल झाले ४ लाख ६० हजार. आधी कंपनीच्या विम्यातून ३ लाख घ्या, उरलेले १ लाख ६० हजार घरच्या पॉलिसीकडे मागा. कोणाकडे आधी जायचे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे. पण दाखल होताना दोघांनाही कळवा. पहिली कंपनी मूळ बिले ठेवून घेते, म्हणून बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती, डिस्चार्जचा कागद आणि 'आम्ही इतके दिले' असे पहिल्या कंपनीचे पत्र मागून घ्या. या कागदांवाचून दुसरीकडे पैसे अडतात.

बाळंतपण मात्र कंपनीच्या विम्यातच बसवा. तिथे बहुधा थांबावे लागत नाही, घरच्या पॉलिसीत बाळंतपण असलेच तर त्यासाठी थांबण्याची मुदत असते.

पुष्कळ जणी 'टॉप-अप' घेतात, कारण हप्ता कमी. तो चांगलाच, पण नीट समजून घ्या. ३ लाखांच्या वरचा टॉप-अप म्हणजे पहिले ३ लाख दुसऱ्या कोणीतरी द्यायचे. नोकरी आहे तोवर ते कंपनी देते. नोकरी गेली की ते तुमच्या पदरातून! म्हणून ज्यांना निवृत्ती जवळ आहे त्यांनी लहानशी का होईना, पहिल्या रुपयापासूनची पॉलिसी घ्यावी आणि तिच्यावर टॉप-अप चढवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे, तेवढाच संसाराला हातभार.

हप्ता झेपतच नसेल तर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना विसरू नका. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले गडचिरोली होते. २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कार्डधारकांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ठरलेले उपचार आणि योजनेतलीच रुग्णालये. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांनी आणखी एक पाहावे. २०१७ पासून त्याची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. पगारवाढीच्या आनंदात ती ओलांडली, की चालू सहामाहीनंतर वर्गणी थांबते आणि पुढे उपचाराचा लाभही. पण पाच वर्षे भरून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघ्या १२० रुपयांत नवराबायकोसाठी उपचार मिळतात, हे किती जणींना ठाऊक आहे? कोळसा खाणीतल्यांसाठीही निवृत्तीनंतरची वर्गणीची वैद्यकीय योजना आहे. फॉर्म वेळेत भरला का, ते यजमानांना आजच विचारा.

विमा घेताना एजंटला पुढचे प्रश्न न लाजता विचारा.

१. नागपूरची कोणती रुग्णालये तुमच्या यादीत आहेत? सिरोंच्याचा असो की राजुऱ्याचा, मोठ्या आजाराचा रुग्ण शेवटी नागपूरलाच जातो. यादीत पुण्या-मुंबईची नावे असून आपल्याला काय उपयोग?

२. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? मर्यादेबाहेरची खोली घेतली, तर नुसते भाडेच नव्हे, बाकीचे बिलही त्या प्रमाणात कापतात.

३. रुग्णवाहिकेचे किती मिळतात? आपल्याकडे अंतरे लांब. सरकारी १०८ फुकट येते, तो नंबर फोनजवळ लिहून ठेवा.

४. नोकरी सुटली तर कंपनीच्या सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या घरच्या पॉलिसीत जाता येईल का? तशी सोय आहे आणि आधी थांबलेला काळही धरला जातो. पण अर्ज विमा संपण्याच्या आधी करावा लागतो, नंतर नव्हे.

आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. कार्डावर तुमचे स्वतःचे नाव आहे का? आधारवर आहे तसेच लिहिलेले आहे का? सासरचे नाव एका कागदावर, माहेरचे दुसऱ्यावर, असे असले की खिडकीवर अडवणूक होते. आपण घरभराची औषधपाणी बघतो, पण आपल्याला ताप आला की अंगावर काढतो. निदान कागदावर तरी मागे राहू नका.

तर ताई, यजमानांना एवढेच सांगा, कंपनीचा विमा नोकरीला आहे, घरचा विमा आपल्याला आहे. दोन्ही पॉलिसींचे नंबर, हप्त्याची तारीख आणि फोन नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. मुलांनाही तो दाखवून ठेवा. वेळ सांगून येत नाही.