आयोनाच्या उतारावर

आमच्या पुतण्याच्या ग्लासगो येथील बिऱ्हाडाची हकीकत मागें एकदां लिहिलीच आहे. त्यास रजा नव्हती. तेव्हां स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटें आम्हीं उभयतांनींच पाहावयाचें ठरविलें. परमुलुखांत मोटार हांकण्याचें माझें वय राहिलेलें नाहीं, म्हणून सारी भिस्त बोट व बस यांवर.

ओबन बंदरांतून मल्ल बेटावरील क्रेग्न्युअरच्या धक्क्यास पोहोंचण्यास सुमारें पाऊण तास लागतो. तिकीट अपेक्षेपेक्षां स्वस्त निघालें. तेथील सरकारनें २००८ सालीं कांहीं बेटांपुरती व २०१५ पासून या साऱ्या पश्चिम किनाऱ्यास अशी योजना लागू केली कीं, बोटीचें भाडें तेवढेंच अंतर सडकेनें तोडण्यास जो खर्च येईल त्याच्याशीं मिळतें असावें. बेटावर राहतो म्हणून कोणास भुर्दंड पडूं नये, हा हिशेब मला फार आवडला.

धक्क्यावरून फिनफर्टपर्यंत बसनें सुमारें ६० किलोमीटर. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा. ठिकठिकाणीं मात्र बाजू देण्यास जागा ठेवलेली. समोरून गाडी आली कीं ज्यास ती जागा जवळ तो थांबतो, आणि जातां जातां दोघेहि चालक चाकावरचा हात किंचित् उचलतात. पाऊस अखंड होता. आपल्या आषाढासारखा त्याचा आवाज नाहीं, पण पांच मिनिटांत माणूस आंतपर्यंत भिजतो. छत्री पहिल्याच दिवशीं वाऱ्यानें उलटी केली होती. बेन मोर हा ९६६ मीटरांचा डोंगर डाव्या हातास कीं उजव्या, हेंहि ढगांमुळें कळलें नाहीं. दिसले ते केवळ पांढरे ओहोळ आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्या मेंढ्या.

याच बेटावर ग्रुलीन येथें लॅकलन मॅक्वारी याची समाधि आहे. पुढें न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झालेला हा गृहस्थ १७८८ सालीं पलटणीबरोबर मुंबईस आला. १७९३ मध्यें तेथेंच त्यानें जेन जार्व्हिस हिच्याशीं विवाह केला. तीन वर्षांनीं ती मकाव येथें वारली. परंतु तिचा देह त्यानें मुंबईस आणून पुरला, आणि मल्लवरील आपल्या जमिनीस ‘जार्व्हिसफील्ड’ असें नांव दिलें. तें स्थळ दुसऱ्या फांट्यावर असल्यामुळें राहून गेलें, याची चुटपुट आहे.

फिनफर्टहून दहा मिनिटांच्या तरीनें आयोना. ५६३ सालीं कोलंबा हा आयरिश साधु येथें उतरला व त्यानें मठ स्थापिला. मठाच्या दारांत आठव्या शतकांतील दगडी क्रूस अजून मूळच्या जागीं उभा आहे. मला अधिक भावली ती अलीकडची गोष्ट. १९३८ सालीं जॉर्ज मॅक्लाउड या ग्लासगोच्या धर्मोपदेशकानें बेकार कारागीर व होतकरू उपदेशक यांस येथें एकत्र आणलें, आणि मठाच्या पडक्या इमारती त्यांच्या हातून पुन्हां उभ्या करविल्या. पुस्तकी पोरांनीं गवंड्याच्या हाताखालीं दगड उचलावे, ही कल्पना आपल्याहि घरांत कांहींजणांस लागू करण्याजोगी आहे.

तीन वाजतां उतारावर आलों तों तर बंद! येथें धक्का नाहीं. सिमेंटच्या उतारावर बोट आपली तोंडाकडील फळी टाकते, आणि लाट उंच असली कीं तें साधत नाहीं. आमच्या सौभाग्यवतीस सायंकाळीं इन्शुलीन घ्यावें लागतें. तें ओबनला खोलींतल्या फ्रीजमध्यें होतें. सकाळीं ती पिशवींत ठेवीत असतां, “रात्रीं परतच यावयाचें, ओझें कशास?” असें मींच म्हटलें होतें. समोर दीड किलोमीटरवर फिनफर्टचीं घरें दिसत होतीं, आणि शेवटची बसहि तेथेंच.

मी येरझाऱ्या घालूं लागलों. ती ओल्या बांकावर शाल गुंडाळून बसली होती. “अहो, बसा बघूं स्वस्थ,” ती म्हणाली, “तुमच्या चालण्यानें लाट उतरणार आहे का?” मला तिच्याकडे पाहवेना. तेवढ्यांत तरीच्या एका खलाशानें पैलतीरीं दूरध्वनि केला. बसचा चालक थांबावयास तयार होता. मात्र क्रेग्न्युअरची मोठी बोट थांबणार नाहीं, असें त्यानें कळविलें.

पांचच्या सुमारास वारा थोडा पडला आणि एक खेप झाली. फळीवरून उतरतांना आम्ही दोघेंहि गुडघ्यापर्यंत भिजलों. चालकानें माणसें मोजलीं, “सगळे आलांत ना?” एवढेंच विचारलें व गाडी सुरू केली. त्या साठ किलोमीटरांत मीं घड्याळावरून दृष्टि काढली नाहीं. ती मात्र निजली होती. ती निजली आहे कीं तिला ग्लानि आली आहे, हें पाहण्यासाठीं मीं तिला दोनदां उठविलें, आणि दोन्ही वेळां बोलणीं खाल्लीं.

बोट मिळाली. ओबनच्या खोलींत शिरतांच तिनें आधीं इंजेक्शन घेतलें, नंतर माझे मोजे वाळत घातले, आणि टोबरमोरीची बोट उद्यां किती वाजतां सुटते तें विचारलें. ती हकीकत पुढील अंकीं.