सकाळचे चार तास

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांतल्या ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला हिरवा कंदील दाखवला. हिशेब केला तर शहरामागे सरासरी तीन वाहिन्या. म्हणजे एकाच पेठेत तीन सेल्स टीम फिरणार, आणि त्याच सराफाच्या, त्याच क्लासवाल्याच्या, त्याच दुचाकी डीलरच्या दारात बसणार.

अशा गावात फॉरमॅट कसा निवडायचा? महानगरात एखादी वाहिनी नुसत्या जुन्या गाण्यांवर चालते, कारण तिथल्या श्रोत्यांचा एक तुकडासुद्धा जाहिरातदाराला पुरतो. दोन लाखांच्या गावाचे असे तुकडे पाडले तर कुणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून सगळेच नव्या हिंदी गाण्यांची तीच प्लेलिस्ट लावतात, आणि जिंगल वाजेपर्यंत कोणते स्टेशन लागले आहे हे कळत नाही. मग स्पर्धा उरते ती स्पॉटचा दर पाडण्याची.

आमचे म्हणणे असे, की छोट्या गावात गाण्यांवरून वेगळेपण शोधूच नये. गाणी सर्वांना चालतील अशीच ठेवावीत. वेगळेपण सकाळी सात ते अकराच्या बोलण्यात असावे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, हे खरे. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीजपुरवठा, परीक्षांचे निकाल, प्रवेश, स्थानिक कार्यक्रम ही माहिती द्यायला तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात मुभा आहे. या मुभेचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. ‘आज दुपारी चारनंतर स्टेशन रोडच्या भागात पाणी येणार नाही, टाक्या भरून ठेवा’ एवढी वीस सेकंदांची लिंक त्या गावातला आरजेच देऊ शकतो. दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत बसलेल्याला ती सुचणारही नाही.

अडचण खर्चाची आहे. नव्या शहरांसाठी वार्षिक शुल्क जीएसटी वगळून ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के ठरले आहे. धंदा बसला तर शुल्कही उतरते. आरजेचा पगार उतरत नाही. साहजिकच पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते आणि दिवसभराचे कार्यक्रम नेटवर्कवरून येऊ लागतात. दुपार आणि रात्र खुशाल नेटवर्कवर टाका. सकाळ मात्र विकू नका.

श्रोतृमापनाचे आकडे महानगरांपलीकडे फारसे येत नाहीत. त्यामुळे दुकानदार आपल्याच कानांवर आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो. ‘तुमचं रेडिओवर ऐकलं’ असे चार जण म्हणाले की पुढचे पॅकेज घेतो. शिवाय गावाच्या बोलीत बोलण्याचे काम सामुदायिक रेडिओ आधीपासून करत आहेत. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हे त्याचे जवळचे उदाहरण. २०२४ च्या सुधारित नियमांनी त्यांची जाहिरातीची मर्यादा तासाला सातवरून बारा मिनिटांवर नेली आहे. छोट्या दुकानदाराला आता तोही पर्याय आहे.

तेव्हा बोली लावण्याआधी टॉवर-ट्रान्समीटरच्या अंदाजपत्रकाशेजारी आणखी एक ओळ लिहा: दोन स्थानिक आरजे आणि एक माहिती गोळा करणारा माणूस, तीन वर्षांचा पगार. ती ओळ झेपत नसेल तर त्या गावची वाहिनी घेऊ नका.